तिसऱ्या परिच्छेदातलं क्रियापद

आर्वीच्या कोणाही जुन्या माणसाला विचारा, पन्नासच्या दशकात गावानं साहेब लोकांना दिलेली इंग्रजी मानपत्रं कोणी लिहिली? तो सांगेल, बापूसाहेब वकिलांनी. चूक. बापूसाहेबांनी ती वाचली. लिहिली मी. छपाईचे खिळे मी जुळवले, प्रुफं मी तपासली आणि साटिनच्या कापडावर शाई पसरू न देता छापलीही मीच. सभेत मला खुर्ची नसे. दाराशी उभा राहून मी माझंच इंग्रजी वकीलसाहेबांच्या तोंडून ऐकायचो, आणि ते एखाद्या शब्दावर अडखळले की माझ्या कपाळाची शीर उडायची.

या अंकाच्या संपादकांनी पत्रात दोन अटी घातल्या आहेत. धंदा सोप्या भाषेत समजावून सांगा, आणि राग-लोभ बाजूला ठेवून लिहा. पहिली मान्य. दुसरीवर घासाघीस करत बसत नाही. ती मी पाळणारच नाही.

माझं शिक्षण मराठी सहावी. नागपूरच्या एका छापखान्यात मी झाडलोट करायला लागलो. जमिनीवर सांडलेले शिशाचे खिळे उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे काम. ते करता करता अक्षरं कळली, मग शब्द, मग खिळे जुळवून मजकूर लावणारा जुळारी झालो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळं इंग्रजी मी आधी उलटं शिकलो आणि नंतर सुलटं. रद्दीवाल्याकडून एक जाडजूड शब्दकोश मिळवला. पाठीमागचं पान फाटलं आहे, वाळवीनं खाल्लं आहे, असं सांगत सांगत मी त्याला अर्ध्यावर आणला, आणि तो विटला तेव्हा म्हणाला, 'घेऊन जा बाबा, पन परत येऊ नको.' आर्वीला छपाईचं जुनं ट्रेडल मशीन आणलं तेही अशाच रीतीनं. मशीन पायानं चालतं. ते चालवायची माझी बायको सखू. मी खिळे जुळवायचो.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. साहेब लोक नागपूर, जबलपूर, रायपूर, कुठूनही यायचे आणि दोन-तीन वर्षांत कुठंही जायचे. साहेब निघाला की गावात समिती. समिती झाली की वर्गणी, हार, फोटो, चिवडा आणि इंग्रजी मानपत्र. देश स्वतंत्र झाला होता. पण निरोप मराठीत दिला तर साहेबाला तो कमी वाटेल अशी गावाची समजूत होती. त्या समजुतीवर माझी चूल पेटत होती, म्हणून मी ती कधी दुरुस्त केली नाही.

मानपत्राचे परिच्छेद चार. पहिल्यात आम्ही नागरिक दुःखी आहोत. दुसऱ्यात साहेबांचा गोड स्वभाव. चौथ्यात दीर्घायुष्य. हे तिन्ही मी जुळवून, दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलेले असत. नाव बदललं की काम झालं. खरी मेहनत तिसऱ्यात. तिथं साहेबांनी आधीच्या सगळ्यांना मागं टाकलं असं सांगायचं असे, आणि दर वेळी नव्या क्रियापदानं. कारण जुनं क्रियापद आधीचा साहेब घेऊन गेलेला असे.

या क्रियापदांची मी एक वही केली होती. इंग्रजीत अशी क्रियापदं रगड आहेत. एक्सेल म्हणजे उत्तम ठरणं. त्यात कोणाला मागं पडावं लागत नाही, म्हणून ते सगळ्यांत सभ्य. सरपास म्हटलं की मागं पडलेला माणूस आलाच. आउटडू म्हणजे त्यानं जे केलं तेच, पण त्याहून जास्त. यात थोडी ईर्ष्या असते. आउटस्ट्रिप हे पळणाऱ्याचं, ते मी सायकलवर फिरणाऱ्या एका ओव्हरसियरला दिलं. आउटबिड लिलावातलं, कापसाच्या अडत्यांच्या कामाचं. आउटशाइन म्हणजे आपला दिवा असा लावायचा की शेजारचा लावलेला आहे की नाही ते कळू नये. आउटविट म्हणजे डोक्यानं मात करणं; ते मी कधी छापलं नाही, स्वतः वापरलं. आणि सगळ्यांच्या वर एक्लिप्स. ग्रहण. समोरचा दिसेनासाच होतो. ते मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं होतं.

गिऱ्हाइकं मात्र शब्द वेगळ्या मापानं मोजत. दौलतभाऊ बँडवाले लग्नसराईच्या आधी जाहिरात छापायला आले. त्यांचा वैरी पुलगावचा बँडवाला, आणि त्याचीही जाहिरात मीच छापलेली.

"नत्थूभाऊ, त्या पुलगाववाल्याले कोनता शब्द देला तुमी?"

"सरपास."

"मंग मले त्याच्याहून मोठा द्या."

"मोठा म्हणजे अर्थानं?"

"अर्थ कोन पाह्यते बाप्पा! लांबीनं."

मी त्यांना आउटडिस्टन्स दिलं. त्यांनी प्रुफावर बोटं ठेवून ते मोजलं, मग पुलगाववाल्याचं मोजलं, आणि समाधानानं म्हणाले, "हा हाये दमदार." एक्सेल मी पुष्कळांना दाखवलं, पण 'लहान दिसते' म्हणून ते कोणी घेतलं नाही. तेव्हाच मला धंद्याचं मर्म कळलं. माणूस किती चांगला आहे याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं. शेजाऱ्याहून किती, तेवढं सांगा.

आता मूळ गोष्ट. त्यातल्या दोन साहेबांची नावं आणि हुद्दे सांगत नाही, त्यांची नातवंडं हा अंक वाचत असतील. एकाला उंच साहेब म्हणू, दुसऱ्याला ठेंगणे साहेब. ते तसेच होते. उंच साहेब आर्वीहून बढतीवर वर्ध्याला गेले तेव्हा मी त्यांना आउटशाइन दिलं होतं. त्यांच्या जागी आले ठेंगणे साहेब. तीन वर्षांनी त्यांचीही बदली झाली, आणि बापूसाहेब वकील माझ्या दारात उभे राहिले. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री.

"नत्थू, शनिवारपावतर मानपत्र पाह्यजे."

"या वकीलसाहेब, बसा."

"बसत नाई. मागच्या साहेबाले कोनता शब्द देला होता आपण?"

'आपण' ऐकून माझं डोकं तापलं. "मी आउटशाइन देला होता," मी म्हणालो.

"मंग त्याच्या वरचा दे."

"वरचा एकच उरला हाये. दीडपट पडन."

"दीडपट? एका शब्दाचे? सोन्याचा हाये का तो?"

"सोनं रोज मिळते, वकीलसाहेब. हा एकदाच देता येते. याच्या वर काई नाई."

पाऊण तास आम्ही भांडलो. शेवटी मी म्हणालो, "नेहमीच्याच भावात देतो. पन वाचून झालं की सांगाचं, हे नत्थू थूलनं लिवलं."

वकीलसाहेब हसले. "येडा झाला का? छापणाऱ्याचं नाव कोन वाचते? खाली बारीक टायपात असते ना तुह्यं नाव? बस झालं."

ते खरं होतं. छापलेल्या प्रत्येक कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि गाव असलंच पाहिजे, असा कायदा आहे. म्हणून माझं नाव प्रत्येक मानपत्रावर होतं, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि आजवर कोणी ते वाचलं नव्हतं. वकीलसाहेबांनी दीडपट कबूल केले, नाव नाही. ते गेल्यावर सखू मशीन पुसता पुसता म्हणाली, "तुमी पैशासाठी भांडता का नावासाठी, एक कायतरी ठरवा बाप्पा."

एक्लिप्स मी दिलं. ठेंगण्या साहेबांनी आधीच्या सगळ्यांना ग्रहण लावलं, असं साटिनवर छापलं, चौकटीत बसवलं. त्या जागेतलं ते माझं शेवटचं काम. घरमालकानं खोली मागितली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी मशीन खोलून आम्ही बस स्टँडजवळच्या नव्या खोलीत नेलं. इथं आणखी एक कायदा सांगावा लागेल. छापखाना कुठं आहे याचं डिक्लेरेशन मॅजिस्ट्रेटपुढं करावं लागतं. जागा बदलली की पुन्हा नवं. त्यावर सही झाल्याशिवाय एक पत्रिकासुद्धा छापता येत नाही. लग्नसराई तोंडावर होती, मशीन चार तुकड्यांत जमिनीवर पडलं होतं, आणि माझं डिक्लेरेशन सहीसाठी वर्ध्याला ज्यांच्या टेबलावर होतं ते होते उंच साहेब.

शनिवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये समारंभ. मी माझ्या जागी, दाराशी. फाटकात जीप थांबली आणि प्रमुख पाहुणे उतरले. उंच साहेब! वकीलसाहेबांना हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मला सांगण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. मी धावत त्यांच्याकडं गेलो.

"वकीलसाहेब, तिसरा परिच्छेद गाळा."

"काऊन?"

"पाहुने कोन हायेत ते पाहा ना!"

"पाहून राह्यलो. आपलेच जुने साहेब. लय खूश होतीन आयकून."

तेव्हा मला कळलं की या माणसानं इतकी वर्षं जे वाचलं ते त्याला कधीच समजलं नव्हतं. शब्द वरचा आहे एवढंच त्याला ठाऊक. कोणाच्या वरचा, हे त्यानं पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं. 'आधीचे सगळे' हे माझ्या लेखी फळीवर बांधून ठेवलेले दोन शब्द होते. त्यातला एक जण खुर्चीवर येऊन बसेल असं कधी मनातच आलं नाही.

वकीलसाहेबांनी तिसरा परिच्छेद गाळला नाही. उलट तो जास्त मोठ्यानं वाचला. एक्लिप्सवर टाळ्या झाल्या. ठेंगण्या साहेबांचे कान लाल झाले. उंच साहेब भाषणाला उठले आणि शांतपणे म्हणाले, "मानपत्र सुंदर आहे. मला फक्त एक विचारायचं आहे. आम्हां दोघांना शेजारी उभं करून मोजलं कोणी?"

दोघांच्या उंचीकडं पाहून पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वकीलसाहेबांनी चौकट उचलली, डोळ्याजवळ नेली आणि खालची मुंगीएवढी ओळ मोठ्यानं वाचली. "एन. थूल, आर्वी. मजकूर त्याचा हाये साहेब. तो पाहा दाराशी. मी फक्त वाचला."

अकरा मानपत्रं झाली होती. माझं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं ते असं.

सगळा हॉल मागं वळला. शहाण्या माणसानं हात जोडले असते. मी तापट. मी म्हणालो, "हो साहेब, मीच लिवलं. आन् तुमचं बी मीच लिवलं होतं. तवा तुमी नाई इचारलं, कोनं मोजलं ते."

उंच साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग म्हणाले, "सोमवारी सकाळी वर्ध्याला माझ्या बंगल्यावर या."

घरी सखूच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "नाव वाचलं म्हणते तुमचं," ती म्हणाली. "झालं समाधान? आता मशीन भंगारात देता का कसं?"

पुढं बापूसाहेब गावभर सांगत फिरले, की साहेबांना भेटून त्यांनी समजूत काढली आणि नत्थूचा छापखाना वाचवला. हे श्रेयसुद्धा त्यांनी सोडलं नाही. साहेब आता हयात नाहीत, म्हणून मला लिहिणं भाग आहे. त्या सोमवारनंतरही मी मानपत्रं लिहिली, शब्द विकले, भाव वाढवून विकले; त्याची लाज वाटत नाही. पण त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी एक प्रश्न विचारू लागलो, आणि तो ऐकून बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. गेली तर गेली. खंत एवढीच, की तो प्रश्न मला अकरा मानपत्रं आधी सुचायला हवा होता.

त्या सोमवारी बंगल्यावर पोचलो तेव्हा साहेब एकटेच बसले होते. आतून पूजेची घंटा ऐकू येत होती. टेबलावर एक फाईल, तिच्यातून माझ्या डिक्लेरेशनचा कोपरा बाहेर आलेला. भिंतीवर त्यांना दिलेलं माझं आउटशाइनचं मानपत्र, काचेत.

"बसा," साहेब म्हणाले. वकीलसाहेब मला 'तू' म्हणत; हे 'तुम्ही' म्हणाले. मी बसलो.

"यात लिहिलंय, मी आधीच्या साहेबांना झाकोळून टाकलं. त्यांनी काय केलं होतं?"

"ठाऊक नाई साहेब."

"आणि मी?"

"ते बी ठाऊक नाई."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "मग आता लिहा. माझ्याबद्दल. कोणाला मागं न टाकता."

मी टाक हातात घेतला आणि बसून राहिलो. पहिला, दुसरा, चौथा परिच्छेद माझ्या डोक्यात बांधलेले होते, पण ते तर कोणालाही लागू पडत. शेवटी मी टाक खाली ठेवला आणि तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. "साहेब, तुमी केलं काय, ते सांगा."

ते सारावसुली, रस्ता, शाळेची इमारत असं सांगू लागले. मी लिहीत गेलो. मग ते थांबले. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "एक विहीर होती."

नदीकाठच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली होती. गावात दोन विहिरी, वरची आणि खालची. साहेबांनी विहिरीत टाकायचं लाल औषध नेलं. पाणी लाल झालं, आणि ते प्यायला कोणी तयार होईना. खालच्या वस्तीतली एक बाई म्हणाली, 'आमी पितो साहेब, पन आधी तुमी प्या.' साहेबांनी लोटा मागितला. ती देईना, तिला वाटलं, साहेब थट्टा करून राह्यले. त्यांनी स्वतःच लोटा उचलला आणि सगळ्यांसमोर प्यायले. मग वस्ती प्यायली. तिथून ते वरच्या विहिरीवर गेले तर गावाचा पाटील आडवा आला. 'आता तुम्ही आमच्या विहिरीले हात नका लावू साहेब. औषध चपराशी टाकीन.' साहेब दूर उन्हात उभे राहिले. चपराशानं औषध टाकलं.

"पुढं कोणी दगावलं नाही," ते म्हणाले. "रिपोर्टात मी हे लिहिलं नाही."

मी ते इंग्रजीत तसंच्या तसं लिहिलं. सगळ्या मिळून सहा ओळी झाल्या. त्यांनी वाचल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "विहिरीचं काढा. आई आत आहे. त्या पाण्याचं मी घरी कधी सांगितलं नाही." मग ओशाळून म्हणाले, "आणि ते काढलं की फार थोडं उरतं. तिथं तुमचा एखादा शब्द घाला."

मी आयुष्यभर सौदे केले आहेत. समोरच्याची गरज कुठं आहे ते मला वासावरून कळतं. ओळ खोडायची, शब्द घालायचा, सही घ्यायची. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्या खालच्या विहिरीचं पाणी पिणारी माणसं म्हणजे आमची माणसं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. साहेबांपुढं बसलो तेव्हा ते व्हायचं होतं, आणि लोक आम्हाला दुसऱ्याच नावानं हाक मारत.

"शब्द घालतो साहेब," मी म्हणालो. "विहीर नाई काढत."

"तुमचं डिक्लेरेशन या टेबलावर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत हाये. मशीन चार तुकडे होऊन पडलं हाये."

"तरी?"

"तरी."

एकच भाव सांगून गप्प बसायची माझी ही पहिलीच वेळ. साहेबांनी फाईल उघडली आणि डिक्लेरेशन माझ्यापुढं ठेवलं. सही झालेली होती. खाली तारीख शुक्रवारची, समारंभाच्या आदल्या दिवसाची.

"तुम्ही विचारलंच नाही," ते म्हणाले. "आता माझा तुमच्यावर काही धाक नाही. काढता का विहीर?"

"नाई साहेब."

"आणि शब्द?"

"शब्द घालतो. त्याचे पैसे नाई."

मी कागद पुन्हा ओढला. मागं टाकायला कोणीतरी लागतंच, आणि दुसऱ्या कोणाला टाकायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून विहिरीच्या ओळीखाली मी एवढंच लिहिलं, की त्या दिवशी या माणसानं स्वतःलाच मागं टाकलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. आतली घंटा थांबली होती. "आई," त्यांनी हाक मारली, "जरा बाहेर ये."

म्हातारी पदराला हात पुसत आली. साहेब कागद घेऊन उभे राहिले. मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुम्हीच सांगा."

मी मराठीत सांगितलं. औषध, लोटा, ती बाई, पाटील, सगळं. म्हातारीनं पुरतं ऐकून घेतलं. माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं.

"पाणी कसं होतं रे?" तिनं विचारलं.

"तुरट होतं. औषधाचं."

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "चहा टाकते. दोघंही बसा."